आधी फणी, मग पाणी

कुणी कुठलंही काम नीट केलं, की यमूताई त्याला विचारायची, "कुठं शिकलात?" वडे तळणाऱ्याला, गाद्या पिंजणाऱ्याला, आमच्या चाळीत विजेचे दिवे बसवायला आलेल्या माणसाला. एकदा तर लग्नात सनईवाल्याला, तो दम घ्यायला थांबला तेवढ्यात. माणसं गोंधळून जायची. बहुतेक जण म्हणायचे, "शिकायचं काय त्यात? येतं आपलं." हे उत्तर ऐकलं की यमूताईचं डोकं फिरायचं. "येतं आपलं म्हणजे? आभाळातून पडलं? कुणीतरी ओरडलं असेल ना तुमच्यावर? हातावर मारलं असेल, परत करायला लावलं असेल. त्याचं नाव घ्यायला जीभ झिजते का?"

यमूताई माझी मामेबहीण. आम्ही जातीनं न्हावी. मामाचं अंधेरी स्टेशनजवळ दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय होतं आणि आम्ही त्याच्या शेजारच्याच चाळीत राहत होतो. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजात गेलेली मी पहिली. तरी एखाद्या माणसाबद्दल असं लिहायचा मला सराव नाही, कुठं काय सांगावं ते कळत नाही. पण तिच्याबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते आहे.

नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा यमूताई एक ट्रंक घेऊन कोकणातल्या सासरहून माहेरी परत आली. रडली नाही. आल्या दिवशी मामीला म्हणाली, "मी फुकट खाणार नाही. पण धुणीभांडीही करणार नाही. काहीतरी शिकीन." दुकानात बायकांनी बसायची सोय नव्हतीच. पुरुषांच्या डोक्याला हात लावणं तर लांब राहिलं, दुपारी मामाचा डबा पोचवून तिनं दारातूनच परत फिरायचं, असा नियम होता.

त्या दारातच हे सगळं सुरू झालं. मामाचे एक गिऱ्हाईक डॉक्टर होते. त्यांनी आपलं कुत्रं बाहेरच्या खांबाला बांधलं होतं. लांब कानांचं, आणि केस इतके वाढलेले की डोळेच दिसेनात. यमूताईनं हात पुढं केला, त्याला हुंगू दिलं, मग आतून मामाची जुनी कात्री मागून घेतली आणि डोळ्यांवरचे केस हलकेच कापले. कुत्रं गप्प उभं राहिलं. डॉक्टर दाढी करून बाहेर आले आणि मोठ्यानं हसले. "वा! रक्तातच आहे हो तुमच्या!" मामा खूश झाला. चाळ खूश झाली. डॉक्टरांनी तिला रविवारी कुत्र्याचं सगळं अंग साफ करायला बंगल्यावर बोलावलं.

मी सोबत गेले होते. यमूताईनं मामाला रोज बघितलं होतं तसंच केलं. आधी भरपूर पाणी, मग साबण, मग फणी. माणसाच्या डोक्याचं तसंच असतं. पण त्या कुत्र्याच्या पोटाखाली आणि कानांमागं केसांच्या गुठळ्या झालेल्या होत्या. पाणी लागलं आणि त्या आवळत गेल्या. सुकल्यावर तर घोंगडीसारख्या घट्ट झाल्या, फणी आत शिरेना. शेवटी कात्रीनं सगळं उतरवावं लागलं आणि पोटावर दोन ठिकाणी कातडी सोलली. डॉक्टरांच्या बायकोनं आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढलं.

घरी मामा तिची समजूत घालत होता. "होतं असं गं. रक्तात आहे आपल्या, हात बसेल."

"रक्तात असतं तर त्या बिचाऱ्याचं रक्त निघालं असतं का?" यमूताई ओरडली. "मला काही येत नाही, बाबा. येत नाही! ते शिकावं लागतं आणि मी ते शिकणार!"

त्या दिवशी मला तिच्या रागाचं नवल वाटलं होतं. नंतर ते मलाही कळलं. कॉलेजात माझ्या निबंधाला चांगले गुण मिळाले तेव्हा सर वर्गात म्हणाले, "घरी अक्षरांचा गंध नसताना हे लिहिलंय, म्हणजे बुद्धी उपजतच म्हणायची." मी आनंदानं ते घरी येऊन सांगितलं. यमूताईचा चेहरा लाल झाला. "उपजत? आणि त्या कुलकर्णीबाईंनी तुला शाळा सुटल्यावर बसवून शुद्धलेखन गिरवून घेतलं, ते कुठं गेलं? आपण काही शिकलो असं या लोकांना म्हणवतच नाही बघ, सुमे. एक तर आपल्याला येत नाही, नाहीतर रक्तात आहे. मधलं काही नाहीच!"

कुत्र्यांचे केस राखण्याचं काम शिकायचं, हे ठरवणं सोपं होतं. कुठं शिकायचं हेच कळेना. ज्यांच्याकडं महागडी कुत्री होती ती माणसं हे काम कुणाकडून करून घेतात, याची आम्हाला माहितीही नव्हती. जनावरांच्या दवाखान्यात विचारायला गेलो तर तिथला कंपाउंडर तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "बाई, इथं मॅट्रिक झालेले पुरुष लागतात. आणि आम्ही कुत्र्यांना औषध देतो, त्यांची वेणीफणी करत नाही." एका इंग्रजी मासिकात मी याच कामाच्या विलायती शिक्षणक्रमाची जाहिरात पाहिली. पोस्टानं धडे यायचे, चित्रांसकट. मी ती तिला वाचून दाखवली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं चुकलं तर तो कागद माझा हात धरील का?" मी म्हणाले, नाही. "मग राहू दे."

तेवढ्यात आमच्या जातीतली वडीलधारी मंडळी मामाकडं येऊन बसली. यमूताई कुत्री भादरायला शिकणार, ही बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. त्यातले एक काका मामाला म्हणाले, "आज कुत्र्याला लावलेली कात्री उद्या दुकानात येईल. गिऱ्हाईक बसेल काय तुझ्या खुर्चीवर?"

यमूताई आतून चहा घेऊन आली. "काका, परवा तुमच्या दुकानात एकाच्या डोक्यातून उवा पडत होत्या म्हणे. त्याला लावलेली कात्री टाकून दिलीत का?"

"मोठ्या माणसांच्या मधे बोलतेस?"

"कात्रीबद्दल बोलते. कात्री माझ्याच घरातली आहे."

काकांनी चहा घेतला नाही. मामानं मान खाली घातली आणि तिला एवढंच सांगितलं, की दुकानातल्या कुठल्याही हत्याराला आता हात लावायचा नाही. मामा वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून आपल्याच धंद्याची टिंगल ऐकली, त्यांनीच माझ्या बहिणीच्या धंद्याला नाक मुरडावं, हे मला आजही गिळवत नाही.

मग सरदेसाईबाईंचं नाव कळलं. वर्सोव्याच्या रस्त्यावर त्यांचा बंगला होता. घरी पुष्कळ कुत्री, आणि प्रदर्शनात उतरवायची दुसऱ्यांची कुत्रीही त्यांच्याकडं तयार व्हायला यायची. बाईंचा हात खरोखर चांगला होता, हे यमूताईनंही कधी नाकारलं नाही. बाईंनी तिला लगेच ठेवून घेतली. चाळीत सगळ्यांना बरं वाटलं. बंगल्यावरचं काम, घरंदाज बाई, आणखी काय पाहिजे?

यमूताई सबंध पावसाळा आणि हिवाळा तिथं पिंजरे धूत होती. खाणं शिजवत होती, कुत्र्यांना फिरवत होती, आंघोळी घालत होती. पण बाई कात्री घेऊन टेबलाशी उभ्या राहिल्या, की दर वेळी गोड आवाजात म्हणायच्या, "यमुना, जरा पाणी गरम करून आण गं." पाणी येईपर्यंत कानांचं, पायांचं, डोक्याचं काम झालेलं असायचं. एक दिवस यमूताई हललीच नाही. म्हणाली, "बाई, पाणी आधीच गरम करून ठेवलंय. मी बघते उभी राहून. हे असं उलटं का कापायचं?"

बाई हसल्या. "अगं, तुला काय शिकवायचं? तुमच्या रक्तातच असतं हे. नुसतं आसपास राहिलीस तरी येईल."

ती रात्री मला हे सांगत होती तेव्हा शांत होती. मीच चिडले होते. काय युक्ती आहे बघा! बंगल्यातल्या मुलीला पियानो शिकवायला मास्तर ठेवायचा, आणि आमच्या मुलीला सांगायचं की तुझ्या रक्तातच आहे, तू पाणी आण. फुकट राबवून घ्यायला याहून चांगला शब्द कुणाला सुचला नसता. मी म्हणाले, "तू तिथं जाऊच नकोस." पण चाळीत सगळे उलट सांगत होते. मामी म्हणाली, "टिकून राहा. बाईंच्या हाताखालची म्हटलं की पुढं कुणीही काम देईल. शिकण्याचं काय एवढं?"

यमूताई म्हणाली, "आई, नुसतं नाव घेऊन कुत्र्यापुढं गेले तर ते चावेल. त्याला कुठं नाव वाचता येतं?"

रोझीबाय तिला बंगल्याच्या फाटकाशीच भेटली. मरोळ गावठाणातली ही म्हातारी ख्रिश्चन बाई पूर्वी एका इंग्रज कुटुंबाची कुत्री सांभाळायची. साहेब विलायतेला परत गेले आणि ती कोंबड्या पाळून राहू लागली. त्या दिवशी ती अंडी विकायला आली होती. सरदेसाईबाईंचा एक हट्टी टेरियर कुत्रा फाटकातून धावत आला आणि तिच्या पायाशी पाठ टेकून उताणा झाला. रोझीबायनं त्याच्या पोटाला बोटं लावली आणि तोंड वाकडं केलं. "कोणी आंघोल घातली याला? गाठी तशाच ठेवल्या आत. आधी फणी, मग पाणी. एवढं पण नाय समजत?"

यमूताईनं हातातली बादली खाली ठेवली. "मी घातली. आणि समजत नाही, कारण कुणी सांगितलं नाही. तुम्ही शिकवाल?"

"माझ्या घरी टेबल मोडका आहे."

"शिकवणार, की नुसतं राबवणार, ते सांगा."

"मी ओरडते," रोझीबाय म्हणाली. "लय ओरडते."

यमूताईनं दुसऱ्या दिवशी बंगल्यावरचं काम सोडलं.

मामानं तिला एकटीनं मरोळला जाऊ दिलं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी बरोबर जायची. भाताच्या खाचरांतून वाट होती. अंगणात चिंचेखाली ते मोडकं टेबल. पहिल्याच दिवशी रोझीबायनं यमूताईला त्या टेबलावर बसवलं, तिचा अंबाडा सोडला, केस मुठीत धरून चुरगाळले आणि वरून खाली फणी ओढली. यमूताई किंचाळली. "लागला? मग त्याला नाय लागत? त्याला बोलता येत नाय, म्हणून चावतो." मग तेच केस तिनं खालच्या टोकापासून, थोडे थोडे करत, मुळाला दुसऱ्या हातानं धरून सोडवले. "आता लागला?" यमूताईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं मला सांगता येणार नाही. सासरहून आल्यापासून तिच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

रोझीबायचा आवडता शब्द एकच होता, "परत!" गाठ सोडवलीस? परत. पंजा धरलास? परत. तारेसारख्या केसांच्या टेरियरला कात्री लावायची नसते, पिकलेला, म्हणजे पूर्ण वाढून सैल झालेला केस चिमटीत धरून उपटायचा असतो, नाहीतर पुढचा केस मऊ आणि फिका येतो. हे शिकवताना तर तिनं यमूताईची बोटं सुजेपर्यंत "परत" म्हटलं. टेबलावर कुत्रं बांधायची एक खास गाठ होती. कुत्रं ओढेल तेव्हा सुटायची नाही, पण आपण एक टोक ओढलं की क्षणात सुटायची, म्हणजे कुत्र्यानं उडी मारलीच तर गळफास बसू नये. ती गाठ यमूताई घरी खाटेच्या पायाला बांधत बसायची. मलाही तिनं शिकवली. माझी चुकली की रोझीबायच्याच आवाजात म्हणायची, "परत!"

एकदा मी रोझीबायला विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?" यमूताईची सवय मलाही लागली होती. रोझीबायनं कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले. म्हणाली, "साहेबाच्या मॅडमच्या आईकडं. म्हातारी लय खडूस होती. पण मला बाहेर नाय पाठवलं कधी."

चाळीत मात्र ही निवड कुणालाच पटली नाही. बंगला सोडून गावठाणात गेली, घरंदाज बाई सोडून अंडीवालीकडं गेली. पोरं तिला बघून भुंकायची. ती थांबून म्हणायची, "नीट भुंक रे. कुठं शिकलास?"

पुढच्या थंडीत अंधेरीच्या एका मैदानावर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. घाटकोपरच्या एका वकिलांनी आपला टेरियर यमूताईकडून तयार करून घेतला होता. ते स्वतः तिला मैदानावर घेऊन आले. मीही गेले. रोझीबाय काळी छत्री टेकून कुंपणाशी उभी होती, आत यायला तयार नव्हती. परीक्षकांनी त्या टेरियरच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, पाय उचलून पाहिले, आणि वकिलांना विचारलं, "हे काम कुणाचं?"

वकिलांनी यमूताईकडं बोट केलं. परीक्षक तिच्याकडं वळले आणि म्हणाले, "छान. कुठं शिकलात?"

मी तिच्या शेजारीच होते. सगळ्या जगाला जो प्रश्न ती विचारत आली, तो तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. तिचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडं बघावं लागलं. ती बोलायला तोंड उघडणार एवढ्यात मागून गोड आवाज आला. "आमच्याकडंच होती ती." सरदेसाईबाई पुढं आल्या आणि त्यांनी यमूताईच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं म्हणजे शिकवायचं असं काही नसतं हो, यांच्या रक्तातच असतं. मी आपलं वळण लावलं, इतकंच."

"असं का!" परीक्षक म्हणाले. "मग तर प्रश्नच मिटला. आमच्या प्रदर्शन मंडळाला एक कायमचं माणूस हवंच आहे. बाईंच्या हाताखाली तयार झालेली म्हणजे आणखी काय बघायचं?"

आता तिनं फक्त गप्प राहायचं होतं. मामीनं सांगितलेलं सगळं खरं होत होतं. कायमचं काम, स्वतःची मिळकत, कुणाच्या घरचं फुकट न खाणं, ती ट्रंक घेऊन आली त्या दिवशी मागितलेलं सगळं एका गप्प बसण्यापलीकडं उभं होतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, गप्प बस, यमूताई, या एका वेळी गप्प बस.

तिनं खांद्यावरचा हात बाजूला केला. रागानं नाही, कुत्र्याचा पंजा बाजूला करतात तसा.

"बाई, तुमच्याकडं मी पिंजरे धुतले. ते चांगले धुतले, तुम्ही नाही म्हणणार नाही. पण हे काम मी मरोळच्या रोझीबायकडं शिकले. ती बघा, छत्री घेऊन उभी आहे. आणि माझ्या रक्तात काही नव्हतं, साहेब. रक्ताच्या भरवशावर होते तेव्हा मी एका कुत्र्याची कातडी सोलली होती."

मग सरदेसाईबाई हसून म्हणाल्या, "बघा, हे असं असतं." परीक्षक "बरं, बरं" करत पुढच्या कुत्र्याकडं गेले. मंडळाच्या कामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

कुंपणाशी गेलो तर रोझीबाय छत्री उगारून ओरडली, "मूर्ख! गप बसायला काय होत होतं? नोकरी गेली ना! माझं नाव घेऊन काय मिललं तुला?"

"मला काही नाही," यमूताई म्हणाली. "तुला मिळालं. मैदानभर ऐकू गेलं की नाही?"

परत जाताना सगळ्या वाटेवर रोझीबाय यमूताईच्या मागून चालली आणि नाक शिंकरत राहिली.

त्यानंतर अंधेरीतल्या एकाही बंगल्याचं दार यमूताईला उघडलं नाही. वकिलांचा टेरियर सोडला तर काम बंद. वर एक शब्द सगळीकडं फिरला: कृतघ्न. ज्या घरात वळण लागलं त्या घराला उलटली, म्हणे. आमच्या चाळीतही लोक तेच बोलू लागले. जातीतले काकाही बोलले. मी इथं लिहायला बसले ते या एका शब्दामुळं. शिकवणारणीचं नाव भर मैदानात घेतलं, हातातलं काम जाताना दिसत असूनही घेतलं, त्याला जर कृतघ्नपणा म्हणायचं, तर कृतज्ञता म्हणजे काय हे मला कॉलेजात कुणीतरी शिकवावं. आणि पाणी आणायला पाठवून जिनं शिष्येला काही शिकूच दिलं नाही, तिला आजही लोक बाई म्हणून मान देतात. यमूताईला मात्र "ती कुत्री भादरणारी" असंच म्हणतात. मला याचा संताप येतो. तो लपवावा असं मला वाटत नाही.

शेवटी रोझीबायच्याच ओळखीनं बंगलोरला काम मिळालं. तिच्या जुन्या मॅडमची मैत्रीण तिथं कुत्री पाळते. मामा दुकान बंद करून पोचवायला बोरीबंदरला आला होता. गाडी सुटायला थोडा वेळ उरला तेव्हा त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक कात्री काढून तिच्या हातात दिली. दुकानातली होती, रोजच्या वापरातली. यमूताईनं ती कानाशी धरून एकदा उघडमीट केली. "धार कुणी लावली, बाबा?"

"मीच. तुझ्या आजोबांनी शिकवली तशी," मामा म्हणाला आणि पाणी आणतो सांगून नळाकडं गेला.

तिची वळकटी मी बांधली होती. ती डब्यात ठेवताना तिची नजर दोरीवर गेली. "ही गाठ कुठं शिकलीस गं, सुमे?"

तिला ठाऊक होतं. पण नाव ऐकल्याशिवाय ती सोडणार नव्हती. गार्डानं शिट्टी फुंकली तरी माझ्याकडं बघतच राहिली.

"यमूताईकडं," मी म्हणाले. "ती मरोळच्या रोझीबायकडं शिकली. आणि रोझीबाय मॅडमच्या खडूस म्हातारीकडं."

तिनं मान डोलावली, मग दोरीचं एक टोक धरून ओढलं. गाठ क्षणात सुटली आणि वळकटी बाकावर पसरली.

"परत," यमूताई म्हणाली.